दोन डबे एक केले त्या दिवशी

ती. आबा,

पायांवर डोकं ठेवते. आधी तेवढं, मग बाकीचं.

तुम्ही गेल्याला वर्ष उलटलं. मनातल्या मनात तुमच्याशी रोज बोलते, पण कागद-पेन घेऊन बसले नव्हते. आज बसले, कारण काल शाळेच्या पटांगणात तुमचं नाव निघालं.

माजी सैनिकांनी कार्यक्रम ठेवला होता. डुकरं आणि गवे उसात फार शिरायला लागलेत, म्हणून परवान्याच्या बंदुका जपून कशा वापरायच्या यावर शेजारगावचे सुभेदारसाहेब बोलले. घरी काडतुसं भरणं बेकायदा आणि जिवावर बेतणारं, हे त्यांनी आधीच निक्षून सांगितलं. मग लोक काय काय चुका करतात ते सांगत गेले. गप्पा मारत दारू भरतात. काडतुसाची चिरलेली पुंगळी पुन्हा वापरतात. काडतूस उडालं नाही की लगेच बंदूक उघडून आत डोकावतात. दारू कुठल्याही डब्यात ठेवतात. मी मान खाली घालून ऐकत होते. यातलं मला काय नवीन होतं? सगळं तुमच्याच तोंडून ऐकलेलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाला काय अनुभव हाय का?"

आणि तुमचा दत्ता उभा राहिला. "माझ्या वडलांचंच घ्या की," हे म्हणाले. "फौजेत आर्मरर हुते. जन्मभर बंदुकाच दुरुस्त केल्या. पर म्हातारपणी घमेंड नडली. येकाच काडतुसात दोनदा दारू घातली. दोन बोटं गेली, कान गेला. जाणत्या माणसानं असा गाढवपणा करू नये, म्हणून सांगतोय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, आबा. बायकांच्या रांगेत बसून मीही वाजवल्या.

ते सगळं खोटं आहे, हे त्या पटांगणात मला एकटीला ठाऊक होतं.

तुम्ही आणि दोनदा दारू? ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलंय, त्यांनी हे मानलंच कसं? मी लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या त्या सोप्यातल्या टेबलाची मला गंमत वाटायची. सांगलीत आमच्या गल्लीत बंदूक फक्त बँकेच्या दाराशी दिसायची. इथे सासरे देवपूजेला बसावं तसे आंघोळ करून, बटणं लावून, काडतुसं भरायला बसायचे. टेबलावर एका वेळी एकच डबा. विडीवाल्याला उंबऱ्याबाहेर थांबवायचं. मध्येच कुणी हाक मारली, तर हातातलं काडतूस रिकामं करून पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी चहाला चार हाका मारल्या, तेव्हा तुम्ही चार वेळा ओतून टाकलं आणि पाचव्यांदा उठून म्हणालात, "पोरी, आता चहाच दे बाई. हे काय आज व्हायचं न्हाई."

तोंड बंद करण्याआधी प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून बघणारा माणूस दोनदा माप टाकेल?

नाही टाकलंत तुम्ही. चूक माझी होती.

घट बसायच्या आधीची साफसफाई चालू होती. तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कराडला गेला होतात. घरातलं भांडं न् भांडं, गोधड्या, चादरी, सगळं मी विहिरीवर काढलं होतं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत. एकदा पदर खोचला की मला कोपरा सोडवत नाही. तुमच्या कपाटाला हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्याची किल्ली देव्हाऱ्यात असायची, आणि मला वाटलं, आबा दवाखान्यातून येतील, त्यांचं कपाट तेवढं धुळीत का ठेवा?

फळीवर दोन डबे होते, एक पुढे, एक मागे. दोन्ही निम्मे. दोन्हींत राखाडी कण, मोहरीपेक्षा बारीक. वर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर तुमच्या लष्करी अक्षरात काहीतरी होतं. मी ते वाचलं नाही. वाचायचं सुचलंच नाही. दोन निम्मे डबे दिसले की बाई काय करते, आबा? तांदूळ असो, रवा असो, एकात ओतते आणि एक डबा मोकळा करते. माझ्या आईने तसं केलं, तिच्या आईने तसं केलं. मागचा डबा मी पुढच्यात ओतला, झाकण लावलं, फळी पुसली. मोकळा झालेला डबा घासून उन्हात वाळवला आणि शिलाई मशीनवर सुई-दोऱ्याला ठेवला. किती बरं वाटलं होतं मला.

एक दारू जहाल आणि एक सौम्य असते, सौम्य दारूचं माप मोठं असतं, आणि मी मागची जहाल पुढच्या सौम्य दारूत ओतली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा माझ्या लेखी दारू म्हणजे दारू.

तुम्ही डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन आलात. आठवडा झाला नसेल, आणि डुकरांनी खालचा प्लॉट लोळवला. हे तावातावाने आले. "आबा, निम्मा ऊस आडवा झालाय. तुमची बंदूक काय पूजेला ठेवलीय व्हय?" तुम्ही पट्टी वर सरकवली आणि टेबलाशी बसलात.

मला एक विचारायचंय. डबा उचलल्यावर तो जड नाही लागला का हो तुम्हाला? निम्मा होता तो काठोकाठ भरलेला दिसला, तेव्हा हात थांबला नाही का? तुम्हीच सांगायचात की डोळा दुखत असला, घाई असली, डोकं तापलेलं असलं, की टेबलाकडे फिरकू नये. त्या दिवशी तिन्ही गोष्टी होत्या. मग का बसलात? लेकाच्या एका शब्दासाठी?

यावरून तुमच्याशी भांडावंसं वाटतं मला. पण कुठल्या तोंडाने भांडू?

दिवस मावळायच्या आत तुम्ही बांधावर गेलात. मी मेथी निवडत होते. आवाज आला तो नेहमीचा नव्हता, एवढं मला बसल्या जागी कळलं. हे पळत गेले. मी पोचले तेव्हा बंदुकीची नळी फाटून उलटली होती आणि तुम्ही डावा हात धोतरात गुंडाळून बांधावर बसला होतात. "पोरं कुठं हायती?" हे पहिलं विचारलंत. पोरं घरात होती. "मग ठीक हाय," म्हणालात.

कराडहून हाताला बँडेज बांधून परत आलात, त्या दिवसाचं सांगते. सदऱ्याचं बटण तुटलं होतं, म्हणून तुम्ही माझ्या मशीनपाशी आलात. तिथे तो डबा होता. तुम्ही उजव्या हाताने उचललात. उघडलात. रिळं बाजूला सारून आत वास घेतलात. मी दारात उभी होते आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्या वेळी मला सगळं समजलं. त्याआधी खरंच समजलं नव्हतं, तेवढं माझ्यावर विश्वास ठेवून ऐका.

तुम्ही डबा होता तिथे ठेवलात आणि म्हणालात, "बटण लाव गं पोरी येवढं. येका हातानं जमंना."

मी बटण लावलं. दोरा दाताने तोडला.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याचे जमादार चौकशीला आले, तेव्हा मी आत चहा करत होते आणि तुम्ही सोप्यात सांगत होतात, "माप दोनदा पडलं साहेब. माझीच चूक. घरच्यांचा काय संबंध न्हाई." परवाना गेला. बंदुकीचा सांगाडा जमा झाला. ते ठीकच झालं, घरात तो उद्योग नकोच होता. पण त्याच्याबरोबर तुमची अब्रूही गेली. फौजेतले तुमचे जुने सोबती भेटायला येत, तुमच्या हाताकडे बघत आणि विषय बदलत. तुम्ही हसून म्हणत, "वय झालं गड्या."

का केलंत असं? सुनेला वाचवायला? मी काय तुमच्या हाताखालचा रंगरूट होते, की माझी चूक तुम्ही अंगावर घ्यावी? एकदा जरी माझ्यावर ओरडला असतात, तरी मी पाय धरून सगळं कबूल केलं असतं. तुम्ही गप्प राहिलात आणि मला गप्प राहणं सोपं करून दिलंत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते मला ठाऊक.

खरं तर अब्रूचंही मी एक वेळ सोसलं असतं. यांनी तुमच्याशी जे केलं, ते सोसवत नाही.

हे त्या दिवशी तुमच्यावर ओरडले, "तुमच्या हट्टापायी येक दिस सगळं घर उडालं असतं." आणि मग बोलणंच तोडलं. लागणीला कुठलं बेणं, पाणी कधी सोडायचं, यातलं काही तुम्हाला विचारेनासे झाले. तुमचं ताट वाढलं की हे म्हणायचे, मी मागनं जेवतो. तुम्ही घास हातात धरून दाराकडे बघायचात, आणि वाढणारी मी. दोन वर्षं, आबा. दोन वर्षं मी त्या दोन ताटांच्या मध्ये उभी राहिले आणि भाकरी वाढत राहिले.

रोज ठरवायची, आज सांगते. मग वाटायचं, लावणी होऊ दे. मग दिवाळी. मग यात्रा. भीती कसली होती? हे मारणारे नव्हेत, टाकणारे नव्हेत. मला भीती होती ती यांच्या नजरेची. तुमच्याकडे बघायचे तसे हे माझ्याकडे बघतील, याची.

शेवटी दवाखान्यात तुम्ही मला विचारलंत, "दत्ता आला का?" हे आले, पायथ्याशी उभे राहिले. तुम्ही हसायचा प्रयत्न केलात. "आता काय काडतुसं भरत न्हाई रं मी," म्हणालात. हे हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले. मी तिथेच होते, औषधाची बाटली धरून. तेव्हाही नाही बोलले. एक वाक्य लागत होतं फक्त. ते ऐकून हे पुढे आले असते, तुमच्या उशाशी बसले असते. तुमचा लेक तुम्हाला परत मिळायला एक वाक्य पुरलं असतं, आणि मी बाटलीचं बूच लावत राहिले. याची माफी तुम्ही द्याल, मला माहीत आहे. म्हणूनच ती मागत नाही.

काल कार्यक्रमाहून येताना हे वाटेत म्हणाले, "आबांचा राग अजून जात न्हाई गं माझा. येवढा हुशार माणूस, असं कसं केलं?" आवाज भरून आला होता. मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. राग नाही तो. ज्या बापाकडून कधी चूक झाली नाही, त्याने केलेली चूक यांना अजून पटत नाही. बरोबरच आहे. ती तुमची नव्हतीच.

आत्ता हे गोठ्यात धार काढताहेत. हे पत्र मी तुमच्या फोटोमागे ठेवणार नाही. हे हात-पाय धुऊन आत आले की जेवायला वाढायच्या आधी मी त्यांना समोर बसवणार आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार. उद्या सुभेदारसाहेबांकडे जाऊन त्यांनाही सांगणार, की कुठे उदाहरण द्यायचं झालं तर माझं द्या, माझ्या नावानिशी द्या. बायकांना त्याचा जास्त उपयोग होईल.

यांनी तुमच्याशी धरलेला अबोला माझ्या वाट्याचा होता. तो आता हे माझ्याशी धरतील. धरू देत. दोन वर्षं धरला तरी मी ताट वाढीन आणि दाराकडे बघत बसेन, तुम्ही बसलात तशी. हा शब्द देते तुम्हाला.

बादली ठेवल्याचा आवाज आला. हे येताहेत.

तुमची सून,
सुजाता