दोनशे बारा पायऱ्या

बाबा,

काल एकदाची बेटावर गेले! तू इथे शिकताना गेला होतास, तेच. कसलं भारी आहे! पण दीपगृहाच्या पायऱ्या एकशे चाळीसच निघाल्या. तू तर कायम दोनशे बारा सांगतोस. वाटलं, मीच चुकले. उतरताना परत मोजल्या.

परत आले तर इकडच्या धक्क्यावर, तिकीट खिडकीशेजारी, फोटो काढायला एक जुना रंगवलेला बोर्ड दिसला. त्यावर समुद्र, दीपगृह आणि एकाच पंखाचा पक्षी. आपल्या हॉलमध्ये तुझा बेटावरचा फोटो आहे ना, त्यात तुझ्या मागे हाच पक्षी आहे!

म्हणजे तू बोटीत चढलाच नाहीस? आई म्हणते तू पाण्याला घाबरतोस, ते खरं? मग कॉलेजात पहिला आलास, तेही असंच का?

हे सगळं विचारणारच होते, तर सकाळी तुझाच फोन. "काय गं, पायऱ्या मोजल्यास?"

"हो. दोनशे बारा. जाम दम लागला."

तू हळूच म्हणालास, "नक्की गेली होतीस ना तू?"

आता हे पत्र पाठवू तरी कसं?

तुझंच,
शेंडेफळ