पट्टी लावून काढलेला आकडा

३ मार्च

चि. मिठू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ऑपरेशनचे टाके सुकले. डॉक्टरांचं काम सुबक आहे, पण शेवटची गाठ मी अशी मारली नसती. तसं त्यांना सांगितलंही. पुढच्या वेळी तुम्हालाच बोलावतो, म्हणाले. पुढची वेळ नको, म्हटलं.

गर्भाशयाच्या कर्करोगाचा हा प्रकार फार थोड्या बायकांना होतो म्हणे. आता भाचीच्या शहरात केमो घ्या, चार-पाच महिने तिच्याकडेच राहा, असं ते सांगतात.

हो म्हणण्याआधी मी कपाटातून तुझा याच कर्करोगावरचा शोधनिबंध काढला. गेल्या वर्षी छापून आला तेव्हा तू कौतुकाने पाठवला होतास. तेव्हा आपल्याला काय ठाऊक होतं! शब्दकोश शेजारी घेऊन आठवडाभर वाचला. अर्धा डोक्यावरून गेला, पण शेवटची आकृती कळली. एकाखाली एक रेघा: वय, गाठीचा आकार, ती किती पसरली, लग्न, केमो. प्रत्येक रेघेवर आपली जागा शोधायची, पट्टी उभी धरायची, की वर गुण दिसतात. बेरीज केली की खाली उत्तर. पट्टी धरायला शिंपिणीला कोण शिकवणार? माझ्यासारख्या शंभरांतल्या चौतीस जणी पाच वर्षं काढतात, असं आलं.

विधवा म्हणून जादा गुण पडले, आणि इथे जादा गुण म्हणजे वाईट. हे गेले ते गेले, वर जाताना मला गुणही लावून गेले!

एवढ्यासाठी तुझ्या दोन खोल्यांत पसारा मांडणं पटत नाही. डॉक्टरांना नको म्हणून चिठ्ठी दिली आहे. मशीनवर बसते, बरं वाटतं. रागाव हवं तर, पण लोभ आटवू नकोस.

तुझी आत्या


९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं आणि तुझे गुण पुन्हा मांडले. वय बरोबर, गाठ बरोबर. माझ्या सहकाऱ्यांपेक्षा तुझी पट्टी सरळ. पण केमोच्या रेघेवर तू ‘घेतली नाही’ इथे बोट ठेवलंस. का, ते लगेच कळलं. मी बारीक होणार आहे, तसंच बेता, म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तू दारातून परत पाठवतेस. आज अंगाला आहे तेच माप. इथे ते चालत नाही गं. आधी ‘औषध नाही’ धरून आकडा काढलास, आणि तो आकडा बघून औषधाला नको म्हणालीस!

‘घेतली’ धरलं की चौतीसचे बावन्न होतात. खोटं सांगणार नाही: औषध सोसणाऱ्या बायका मुळात जरा धडधाकटही असतील. आणि त्या बावन्नात तू असशील का, ते माझ्या आकृतीला कळत नाही.

विधवेच्या रेघेवरून आमच्यातही भांडण झालं होतं. मला वाटतं, नवरा नसला की तपासणीला चल म्हणून मागे लागणारंही कुणी नसतं. भाचीसाठी मात्र आम्ही रेघ आखली नाही. बाबा म्हणतात, ताई येत नसेल तर शिलाई मशीनसकट उचलून आणतो. त्यांची पाठ दुखते, तेवढी तरी दया कर.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
मिठू


१६ मार्च

चि. मिठू हिस,
आशीर्वाद.

आधी राग आला, मग हसू. चुकलंच. इतकी वर्षं जे माप बरोबर होतं, तेच नडलं.

हे असते तर पहिल्याच दिवशी बॅग भरून गाडीत बसले असते, आणि मला आत पाठवून स्वतः बाहेर चक्कर येऊन पडले असते. आठ वर्षं झाली, तरी काही ठरवायचं झालं की मी यांच्या खुर्चीकडे बघते. काल सकाळीही बघितलं. मग डॉक्टरांना फोन करून हो सांगितलं. ते म्हणाले, तुमची चिठ्ठी मी फायलीला लावलीच नव्हती. लबाड माणूस!

सोमवारी दुपारी पोचते. माझ्यासमोर हळू आवाजात बोलायचं नाही. केस गेले तर टोपी मीच शिवेन, विकतची आणशील तर उसवून दाखवीन. तुझ्या बाबाला म्हणावं, नुसता स्टेशनवर ये, काही उचलू नकोस.

दुकानाची किल्ली शेजारच्या शिवणवालीकडे दिली. शाळेचे यंदाचे गणवेश ती करेल. पुढच्या वर्षीचेही आत्ताच घेऊन ठेवू का, असं तिने भीत भीत विचारलं. ते माझे आहेत, म्हणून सांगितलं.

येतेच आहे, तेव्हा लोभ समोरासमोरच.

तुझी आत्या