बोट लावल्याशिवाय नोंद नाही

मी, शेषेराव नरहरराव धानोरकर, वय वर्षे छप्पन्न, व्यवसाय वार्ताहर, शिक्षण संस्कृत पाठशाळेत (ते व्यवसायाच्या कधी आड आले नाही, उपयोगीही पडले नाही), राहणार नांदेड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली नव्हे तर पूर्ण शुद्धीत आणि रिकाम्या पोटी लिहीत आहे. रिकाम्या पोटी अशासाठी की चहा अजून यायचा आहे, आणि त्याबद्दलची तक्रार मी सर्वप्रथम नोंदवतो. गेले सहा महिने या घरात मला चहा कोमट मिळतो. स्टीलचा पेला मुठीत धरला तरी चटका बसत नाही. पत्नी चांगुणा म्हणते, "वाफ निघून राहिली, दिसत न्हाई का तुम्हाला?" वाफ दिसते. जीभही भाजते, परंतु ते चहातल्या आल्यामुळे असावे.

कलम १. राहते घर, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीसह, चांगुणेचे. त्या खोलीत तिने मला इतकी वर्षे भंगार साठवू दिले. 'भंगार' हा शब्द तिचा असून तो मी तिलाच परत करतो. बँकेत जे असेल तेही तिचेच. आकडा तिलाच ठाऊक आहे.

कलम २. माझा त्रिशूल संगणक, नंबर ००६३, पितळी दांड्याचे भिंग आणि पेचकसांची पिशवी माझी कन्या सिंधू हिला. ती विष्णुपुरीला संगणकशास्त्र शिकवते आणि माझ्या संगणकाला "बाबांचा पेटारा" म्हणते. पेटाऱ्याचा तिने सांभाळ करावा, अपमान केला तरी चालेल.

कलम ३. नंबरवहीही सिंधूलाच. हे कलम वकिलाला कळणार नाही म्हणून सविस्तर लिहितो. त्रिशूल हा संगणक हैदराबादच्या एका लहान कारखान्याने १९८३-८४ साली केला. एकशे वीस नग निघाले आणि कारखाना मिटला. प्रत्येकाच्या पाठीवर ॲल्युमिनियमची पट्टी आहे आणि तिच्यावर इंग्रजी आकड्यांत ठोकून उमटवलेला चार आकडी नंबर. जुनी यंत्रे जपणारे आम्ही एकोणीस जण आहोत. कोणता नंबर आज कोणाकडे, याची वही मी ठेवतो. वहीचा नियम एकच: मी पट्टीवर बोट फिरवल्याशिवाय नोंद नाही. मालकाचे म्हणणे हे शब्दप्रमाण, फोटो म्हणजे फार तर अनुमान. वही फक्त प्रत्यक्ष मानते. ठोकलेला आकडा खोल असतो, मागाहून कोरलेला उथळ. डोळा फसतो तिथे बोट सांगते.

कलम ४. उदगीरचे वीरभद्रअण्णा यांना मी त्यांचा फोटो परत करतो, चौकटीसह. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तिकडे गेलेला पहिला त्रिशूल म्हणजे नंबर ००१७. तो आपल्याकडे आहे असे अण्णा आठ वर्षे सांगत होते. दरवर्षी फोटो पाठवायचे, यंत्राला हात लावू द्यायचे नाहीत. "पट्टी झिजंल, मास्तर," म्हणायचे (वहीमुळे ते मला मास्तर म्हणतात). मी नोंद केली नाही. यावर आमचे जे बोलणे व्हायचे ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखे नाही.

कलम ५. लातूरचे अडते धोंडप्पा व त्यांच्या पत्नी शिवम्मा यांना माझा नमस्कार आणि एक पाच लिटरचा कॅन. २०१६ च्या एप्रिलात लातूरला रेल्वेने पाणी येऊ लागले, त्याची बातमी करायला मी गेलो होतो. उन्हातून धोंडप्पांच्या अडत दुकानात शिरलो, तर काट्याशेजारी त्रिशूल! बंद पडून वीस वर्षे झालेली, पण दर खंडेनवमीला काट्याबरोबर त्याचीही पूजा व्हायची, आणि हळदकुंकू, विभूती बरोबर पट्टीवर. "त्योच एक चौकोन मोकळा व्हता ना," शिवम्मा म्हणाल्या. तीस वर्षांचा थर बसला होता. आकडा गडप.

मी भिजवून काढतो म्हणालो.

"पाणी?" शिवम्मा म्हणाल्या. "टँकर आठ दिसाला येतंय. लेकरांची तोंडं धुवायला न्हाई, अन् तुमच्या डबड्याला कुठलं आणू?"

"डबडं नगं म्हणू, लक्ष्मी हाय ती," धोंडप्पा म्हणाले. "अन् शेषेराव, नंबर बघायला लक्ष्मीचं कुंकू पुसता व्हय?"

इथे पाठशाळा आयुष्यात एकदाच कामी आली. मी म्हणालो, पुसत नाही, अभिषेक करतो. त्याला त्यांची हरकत नव्हती. सोमवारी मी नांदेडहून कॅन भरून एसटीने गेलो. कंडक्टर म्हणाला, "काका, पाण्याला अर्धं तिकीट लावू का?" मी रुद्र म्हणत थेंबथेंब सोडत राहिलो, थर विरघळत गेला, आणि माझ्या खांद्यावरून शिवम्मांनीच मोठ्याने वाचले: "शून्य, शून्य, एक, सात!" मी बोट फिरवले, आकडे खोल लागले, आणि मी एकावन्न रुपयांचा पेढा वाटला. उरलेले साडेचार लिटर त्यांच्या माठात गेले. यंत्र त्यांच्याकडेच राहिले, ते योग्यच. वहीत मी ही एकच नोंद लाल शाईने केली आहे.

कलम ६. दिवाळीनंतर वीरभद्रअण्णा यंत्र घेऊन स्वतः नांदेडला आले. आम्ही सारे जमलो होतो. "लावा बोट, मास्तर. एकदाचं होऊन जाऊ द्या." भिंगात काही ठरत नव्हते. मी डोळे मिटून बोट फिरवले आणि म्हणालो, "अण्णा, साताची आडवी रेघ उथळ आहे. हा मुळात अकरा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका वर्षात दोन नंबर लागले. अण्णांनी यंत्रावरून काढलेल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "वडलांनी घेतलं व्हतं हे. ते सतराच म्हणायचे. पण तुमचं बोट म्हणतंय तर अकरा. लिहा."

मी लिहिले.

कलम ७. चांगुणेविरुद्धची वरील तक्रार मी मागे घेतो. चहा कोमट नसतो. साखरेच्या दुखण्याने माझ्या बोटांची टोके सहा महिने बधिर आहेत.

त्या दिवशी माझ्या बोटाला काहीच कळले नाही. खरा सतरा लातुरात आहे, तेव्हा हा नसणार, एवढेच मला माहीत होते. ते अनुमान होते. मी ते प्रत्यक्ष म्हणून सांगितले. कारखान्याने एकच नंबर दोनदा ठोकला असेल, तर अण्णांचे वडील खरे होते. सिंधूने वही हाती घेताच प्रथम उदगीरला जावे, स्वतःचे बोट लावावे, आणि रेघ खोल निघाली तर माझ्या वतीने क्षमा मागून अकरा खोडावा. हे अण्णांना फोनवर सांगायचे धैर्य मला झाले नाही. मरणाची मला फारशी काळजी नाही. काळजी एवढीच आहे की माझ्या बोटावर विश्वास ठेवून अण्णा आता स्वतःच वडिलांना खोटे समजत असतील.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला व सही केली. साक्षीदारांनी माझ्यादेखत केली.

सही: शेषेराव नरहरराव धानोरकर
साक्षीदार: १. किशनराव मुखेडकर २. ग्यानोबा इस्लापूरकर
ठिकाण: नांदेड. दिनांक: ९ जानेवारी २०१७