चाळीस लेकरं, एक जून

२४ मे, लातूर

अक्कांना दामिनीच्या आईचा, सिंधुबाईचा फोन. आमंत्रण! लग्न तीन जूनला. अक्कांनी पोरीचं वय विचारलं. "एक जूनला अठरा पूर्ण." कायद्याला दोन दिवस वर ठेवलेत.

माझी तारीखही एक जूनच. वर्गात एकवीस जणांची होती. गुरुजींनी सगळ्यांना एकदम जन्माला घातलं.

डॉक्टर व्हायला लातूरला आले होते. तीन क्लास सोडले. आता कमलम्मा अक्कांच्या संस्थेत, गावोगाव हिंडायचं काम. हे जमतं.

२५ मे

दामिनीचा फोन, मावशीच्या मोबाईलवरून. "मी खरी सोळाचीच हाय. लग्न नकोच असं न्हाई. आत्ता नको. ते दीड वर्ष माझं हाय."

अक्कांनी तीस वर्षांत एकशे बारा लग्नं थांबवली. पद्धत एकच — शाळेतून जन्मतारखेचा उतारा काढायचा, अधिकाऱ्यापुढं ठेवायचा. माणसं फिरतात, उतारा फिरत नाही म्हणतात.

२७ मे, लोहा

सहाच्या एसटीनं निघाले. चाकूरला मधमाश्यांच्या पेट्या विकणारा दिसला, उतरले. पुढची एसटी दोन तासांनी. मध चांगला होता.

दामिनीच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात लसीची जुनी वही सापडली. जन्म १९ नोव्हेंबर २००९. जिंकलो!

बाल संरक्षणचे साहेब फोनवर म्हणाले, "शाळेचा उतारा असल्यावर लसीची वही चालत नाही. उतारा खोटा हाय म्हणून लिहून कोण देणार?"

म्हणून शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी २०१४चा प्रवेश अर्ज काढला. जन्म १ जून २००८. तारीख सांगणाऱ्याची सही — कमलम्मा.

सही मी ओळखते. माझ्या रजेच्या अर्जांवर 'नामंजूर'च्या खाली असते.

२८ मे, लातूर

अक्कांना फोटो दाखवला. "तवा अक्षर चांगलं होतं माझं," म्हणाल्या.

मग सांगितलं. वीटभट्टीवरची चाळीस लेकरं एका दुपारी शाळेत घातली. संध्याकाळी मालक परत न्यायला येणार होता. सहाच्या आतलं लेकरू गुरुजी घेत नव्हते. "म्हणून सगळ्यांची एक जून. कुणाला सहा लावली, कुणाला सात. हात दुखून आला बघ."

२९ मे

उतारा खोटा म्हणून अक्का लिहून देणार, हे ऐकून संस्थेचे सचिव संगमेश सर आले. "अक्का, हे लिहून दिलाव तर उद्या प्रत्येक वकील हेच फडकवंल. एका पोरीपायी एकशे बारा बुडवताव का?"

"एकशे बारा एकदम कुठं आल्या होत्या, सर? एकएकच आल्या."

मी म्हटलं, तारीख कशी टाकली ते विसरले म्हणा की.

"तू गप. तुला मध कुणी आणाय सांगितला होता?"

१ जून, लोहा

माझा वाढदिवस. अर्ध्या मराठवाड्याचाही.

अक्कांनी साहेबांपुढं लिहून दिलं — ही तारीख मी अंदाजानं टाकली, ती खोटी आहे. साहेबांनी दोनदा वाचलं. मग लसीची वही मागितली.

साहेबांना घेऊन दामिनीच्या घरी गेलो. सिंधुबाई मांडवातच आडव्या आल्या. "तुम्हीच शाळंत घातलाव, तुम्हीच वय वाढवलाव, आता तुम्हीच कमी करूलालाव! अक्का, माणूस हाव का पंचांग?"

"चुकलं, सिंधु."

लग्न थांबलं. दामिनीनं चहा केला. साखर विसरली. सगळ्यांनी प्यायला.

२ जून, लातूर

साहेबांना बाकीची एकोणचाळीस नावं पाहिजेत. अक्का सांगत होत्या, मी लिहीत होते. सातव्या नावाला थांबल्या. रेणुका. तिला सात लावली होती, म्हणून मागच्याच जूनला अठरा झाली. उतारा तपासून अक्कांनीच लग्नाला होकार दिला होता. अक्षताही टाकल्या. मी दोनदा जिलेबी घेतली.

४ जून, लोहा

लसीची वही पाहिली. रेणुकाला अठरा येत्या डिसेंबरात.

नव्या वहीत एप्रिलच्या पानावर तिच्या बाळाची नोंद आहे. मुलगी. जन्मतारीख बरोबर लिहिली आहे.