वगळलेला मुद्दा

प्रिय अराबा,

तुझ्या अपिलाची प्रत आणि धुरी दिलेले मासे एकाच पिशवीत मिळाले. कागदांना वास लागलाय, पण वाचले. मासे आधी संपवले, हे कबूल.

तुझं पहिलं अपील आठवतं? चांगले अकरा मुद्दे काढले होतेस. मी बरेचसे खोडले, तर समोरची केंकी, मक्याचा तो गोळा, तशीच टाकून रुसलीस. "अंकल, माझं लेकरू कापताय तुम्ही!" मी म्हटलं, "अगं, वर तीन न्यायाधीश बसतात, त्यांनाही दुपारी भूक लागते. ज्या मुद्द्यावर तू जिंकणार, तो त्यांना पहिल्याच पानावर दिसू दे." खालच्या कोर्टात साक्षीदाराचा चेहरा दिसतो, वरच्या कोर्टात नुसते कागद, म्हणून प्रत्येक विधानापुढे पान क्रमांक हवा. आणि समोरच्याचा चांगला मुद्दा लपवायचा नाही, आपणच काढून उत्तर द्यायचं. समुद्राच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून तू कागदांवर शंख ठेवायचीस. फार सुखाचे दिवस होते ते. बढती घेऊन मी आपल्या अपिलांच्या ऑफिसातून उठलो, याचं आजही वाईट वाटतं.

असो. कोजो अमिसाचं अपील. दरोड्यासाठी पंधरा वर्षं तुरुंग झालेला होडीवाला, आईचा एकुलता. तुझे तिन्ही मुद्दे नेटके आहेत आणि त्यांनी तो सुटणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. दरोड्याच्या रात्री "कोजो माझ्यासोबत एल्मिना गावात जाळी विणत होता," असं सांगणारा एकच माणूस होता, म्हातारा एग्या बेंटसिल. पावसात रस्ता खचला, तो कोर्टात दुपारी पोचला. न्यायाधीशाने घड्याळ पाहिलं, बचावाची बाजू संपली म्हणाला, आणि त्याला साक्षीला उभंच केलं नाही. सगळं नोंदीत आहे. तुझ्या अपिलात म्हाताऱ्याचं नावही नाही.

का नाही, ते मला कळतं. उशीर झाला की तुलाही दाराबाहेर उभं करणारा मीच, आणि त्या दिवशी न्यायासनावरही मीच होतो. निवृत्त अंकलच्या नावाला बट्टा नको म्हणून तू मुद्दा गिळलास. माया कळली, पोरी, डोळे भरून आले. पण मी बरोबर होतो असं मला अजूनही वाटतं, आणि ते ठरवायला वर तिघे बसलेत, तू नाहीस. माझी अब्रू राखायला कोजोने का सडावं? वाढीव मुद्द्याच्या परवानगीचा अर्ज उद्याच दे. पहिलं पान, पहिला मुद्दा. माझ्याबद्दल मऊ शब्द वापरलेस, तर पुन्हा मासे पाठवू नकोस.

तुझाच, अजूनही घड्याळ बघणारा,
एबो अंकल