आईच्या गाण्याखालची घरघर

गुरुवार संध्याकाळ, धसई

आजही तीच घरघर. आईची लग्नातली गाणी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करतोय, आणि प्रत्येक ओळीखाली जसं मधमाश्यांचं पोळं. माइक बदलला. मुरबाडहून नवा पॉवर सप्लाय आणून बसवला. फरक शून्य! कॅबिनेटला हात लावला की घरघर कमी होते, पण हात लावून किती वेळ बसू?

शेवटी वैतागून सोडून दिलं. आई उठून मागच्या दारी भांडी घासायला गेली, आणि थोड्या वेळात घरघर आपोआप बंद. कालही असंच झालं होतं. भांड्यांचा आणि घरघरीचा काय संबंध? भांड्यांचं पाणी जिथे मुरतं तिथेच अर्थिंगची तार पुरलीय, आणि एरवी ती माती ठणठणीत कोरडी. माती ओली झाली की अर्थिंग नीट लागतं, तेच असेल का? की मलाच भास होतोय?

म्हणजे घरघर थांबते तेव्हा आई भांड्यांपाशी, आणि आई माइकसमोर बसली की घरघर परत हजर. तिचा गळा हल्ली लवकर बसतो. गाणी राहून गेली तर?

तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग त्यात काय रे? उद्या भांडी तू घास, मी गाते."