पिठाची चाकं

आई,

मी चेन्दाला आणायला बसथांब्यावर जातोय. तुम्ही गाढ झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. पेज चुलीपाशी आहे. पातेलं उचलू नका, वाटीनं काढून घ्या.

प्चुम बेनच्या पितृपंधरवड्यासाठीचे भोकाचे नोम कोंग तळून झालेत. टोपलीवरचं केळीचं पान बाजूला करून बघाच. दिवसभर सायकलींच्या चाकांचं आऊट, म्हणजे डगमग, काढणाऱ्या जावयाला पिठाचं एक चाक जमत नाही, असं अख्ख्या आळीत सांगत होतात ना? यातल्या एकाचंही भोक बुजलेलं नाही की एकही तेलात फुटलं नाही. तांदळाची पिठी तुमच्यासारखी कढत पाण्यात मळली, हात भाजले तरी. वरचा ताडगुळाचा पाक दाताखाली कडकन मोडतो. शेजारचे सारोनमामा एक खाऊन म्हणाले, "म्हातारीचा हात बरा झाला वाटतं." मी हो म्हणालो.

तुमचा उजवा हात लुळा पडलाय, हे चेन्दाला, तुमच्या लेकीला, अजून माहीत नाही. तुम्ही सांगू नको म्हणालात, मी गप्प बसलो. आता टोपली बघून ती विचारेलच. तुम्हीच केले म्हणून सांगा. उद्या विहारात पितरांपुढेही तुमच्याच नावानं ठेवू. त्यांना काय कळायचं ते कळेल.

मला शाबासकी नको. फक्त मी यायच्या आत एक चाक डाव्या हाताच्या बोटावर फिरवून बघा. त्यात आऊट दिसलं तर सगळी परत तळीन.

दिसणार नाही.

तुमचा जावई,
कोसल